शहात्तर दिवस

करमानच्या कौटुंबिक न्यायालयात दुसऱ्या मजल्यावर, अकरा नंबरच्या खोलीबाहेरच्या बाकांवर बसणाऱ्या बायांनो,

आपल्याला सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं गेलं आहे: ‘जरा थांबा, बाई.’ कारकुनानं ऐकवलं, न्यायाधीशानं ऐकवलं, सासऱ्यानं ऐकवलं. मला ते माझ्या सख्ख्या भावानंही ऐकवलं, आणि तो तर आपल्या बाजूचा माणूस. आपल्याच मतांनी संसदेत गेलेला. मुली आईकडे सातव्या वर्षापर्यंत, मग बापाकडे, हा कायदा बदलायला निघालेला. तुमच्यापैकी कितीजणींनी त्याचा फोटो भिंतीला चिकटवला होता, ते मला माहीत आहे. मीही चिकटवला होता.

दादाच्या फोनवर आम्हा दोघांखेरीज तिसरंही कोणी ऐकत असतं, म्हणून आम्ही पत्रं लिहायचो आणि तेहरानच्या बसचालकाच्या हाती द्यायचो. फर्वर्दीन ते मेहर, वसंतापासून शरदापर्यंतच्या सात महिन्यांची ही पत्रं आहेत. एकही ओळ गाळलेली नाही. मला लाज आणणाऱ्या ओळीसुद्धा.

— तूबा, गणिताची शिक्षिका, गोलनारची आई


करमान, १२ फर्वर्दीन

प्रिय दादा,

नौरोजला तू आला नाहीस. आईनं तुझ्या नावानं ताटात मासा वाढून ठेवला आणि मग तो मांजराला गेला. मांजर तुझ्या प्रकृतीची चौकशी करत होतं.

आता कामाचं. मनसूर आला होता. बंदर अब्बासमध्ये त्याचं बस्तान बसलंय, नवी बायको आहे, घर समुद्राजवळ आहे. चपला न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “गोलनार आझरच्या एकोणीसला सात वर्षांची होते. वीस तारखेला मी तिला न्यायला येईन. कायदा माझा आहे, हे तुला माहीत आहे. पण मी राक्षस नाही.”

मग त्यानं कागद काढला. मी करमान सोडून बंदर अब्बासला राहायला जायचं. त्याच्या मेहुणीच्या शाळेत नोकरी करायची. मुलगी शनिवार ते बुधवार माझ्याकडे, गुरुवार-शुक्रवार त्याच्याकडे. नोंदणी करणाऱ्या लेखनिकासमोर सह्या केल्या की त्याला पुढे फिरता येणार नाही. दोन महिन्यांची, खोर्दादच्या दहा तारखेपर्यंत मुदत आहे.

दादा, मला ते गाव आवडत नाही, तिथला दमटपणा आवडत नाही, त्याच्या मेहुणीचं तोंड तर मुळीच आवडत नाही. माझी सोळा वर्षांची नोकरी इथे आहे. आई इथे आहे. पण पाच दिवस मिळतात. पाच दिवस, दादा!

गोलनार पडद्याआड उभी राहून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर तिनं विचारलं, “बाबांच्या गावात वेणी कोण घालतं?” मी म्हटलं, “कोण म्हणजे? मीच.” ती म्हणाली, “मग ठीक आहे,” आणि खेळायला गेली.

सही करू का? तू सांगशील ते करीन. कायदा माझ्यापेक्षा तुला जास्त कळतो.

तुझी तूबा


तेहरान, २५ फर्वर्दीन

तूबाजान,

सही करू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा मनसूरच्या नावानं जे तोंडात आलं ते इथे लिहीत नाही. बाबा मशिदीत मिंबरावर बसून प्रवचन देणारे होते, त्यांच्या मुलाच्या तोंडी ते शोभायचं नाही.

नीट ऐक. आमचं विधेयक तयार आहे. मुलगा असो वा मुलगी, नवव्या वर्षापर्यंत आईकडे. त्यानंतर न्यायाधीशानं मुलाला समोर बसवून विचारायचं, कुणाकडे राहायचंय. आपल्या देशात पहिल्यांदा एखाद्या लेकराला असा प्रश्न विचारला जाईल! आणि जुन्या प्रकरणांनाही ते लागू होईल, हे कलम मी स्वतःच्या हातानं घातलंय. ज्या समितीत ते आहे तिचा अध्यक्ष मीच आहे. मेहरच्या सुरुवातीला ते कायदा होईल. गोलनारचा वाढदिवस आझरमध्ये. मध्ये दोन महिने शिल्लक राहतात.

आता तू त्या कागदावर सही केलीस तर काय होईल? उद्या सभागृहात कोणी उठेल आणि म्हणेल, “यहया साहेबांच्या स्वतःच्या बहिणीनं घरातच तडजोड केली. मग कायदा कशाला हवा? बायका समजूतदार आहेत, पुरुष दयाळू आहेत, सगळं छान चाललंय.” दयेचा कागद सगळ्यात वाईट असतो, तूबा. हक्क म्हणून मागायचं ते भीक म्हणून घेतलं की पुढच्या हजार बायकांच्या हातातून तो हक्क निसटतो.

मी घाईनं काही मोडायला निघालेलो नाही. एक वीट काढायची, तिच्या जागी चांगली वीट बसवायची. भिंत उभी राहते आणि घरही बदलतं. चाळीस वर्षं मोडतोड करून बघितली आपण, काय मिळालं? माझ्यावर विश्वास ठेव. फक्त मेहरपर्यंत.

आईला सांग, खजूर भरलेली कुलुंपे बिस्किटं पाठव. आणि मांजराला माझा सलाम.

तुझा दादा


करमान, ९ खोर्दाद

प्रिय दादा,

नाही म्हणून आले.

लेखनिकाच्या खोलीत मनसूर, त्याचा वकील आणि मी. लेखनिकानं शाई पुढे सरकवली. मी म्हटलं, “मला दया नको. कायदा येतोय, तो घेईन.” तू लिहिलेलंच बोलले, पण तुझ्यासारखा आवाज काही लागला नाही. मनसूर आधी हसला, मग म्हणाला, “तुझ्या भावाचा कायदा उकडून खा. रात्रीच्या भाताबरोबर चांगला लागेल.” त्यानं कागद उभा फाडला आणि कपटे खिशात घालून नेले. एकही मागे ठेवला नाही.

मी बाहेर येऊन आपल्या बाकावर बसले. अकदसखानम होत्या. त्या गालिच्याच्या कारखान्यात गाठी मारतात, दोन मुली गमावून बसल्यात, तिसरी उरलीय. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाच दिवस देत होता? आणि तू नाही म्हणालीस? बाई गं, माझा नवरा मला पाच तास देत नाही.” मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. पदराच्या गाठीतून पिस्ते काढून माझ्या हातावर ठेवले. “राहू दे. तुझा भाऊ मोठा माणूस आहे. त्याच्या भाषणाची कॅसेट आमच्या कारखान्यात लावतात. मुकादम बंद करतो, आम्ही परत लावतो.”

माझ्या वकीलबाई सदाकत मला ओढून बाजूला घेऊन गेल्या. “कायदा येईल तेव्हा येईल,” म्हणाल्या, “आजच ताबा बदलण्याला स्थगितीचा अर्ज टाकून ठेवू. मुदतीच्या आधी दोन महिने टाकावा लागतो. ऐन वेळी कोणी ऐकत नाही.” मी म्हटलं, मुदत आझरमध्ये आहे, उन्हाळ्याच्या शेवटी शहरीवरमध्ये बघू. शिवाय अर्जात ‘आई मनानं खचलेली आहे’ असं लिहावं लागतं, वैद्याचा दाखला जोडावा लागतो. तो कागद उद्या माझ्या शाळेत फिरला तर? मला ते नको होतं.

बरोबर केलं ना मी? एवढंच लिही, ‘बरोबर केलंस’. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

तूबा


तेहरान, २८ तीर

तूबाजान,

बरोबर केलंस. दहा वेळा बरोबर केलंस.

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. विधेयक वरच्या मंडळाकडून, ज्याच्या मोहोरेशिवाय कायदा होत नाही, दुसऱ्यांदा परत आलं. घाबरू नकोस, परत येणं हा इथला रिवाजच आहे. पहिल्यांदा आलं तेव्हा ‘नऊ’ या आकड्याला हरकत होती. दुसऱ्यांदा ‘मुलाला विचारावं’ याला. ते वाक्य मी ‘मुलाचं हित पाहावं’ असं केलं. हित पाहायचं तर विचारावंच लागेल, एखादा शहाणा न्यायाधीश तसा अर्थ काढेलच.

काल त्या मंडळातल्या शेख फाजिलींकडे गेलो होतो. ऐंशी वर्षांचा माणूस, कान गेलेत, बुद्धी वस्तऱ्यासारखी. दाताखाली खडीसाखर धरून चहा घेत होते. मला म्हणाले, “यहया, तुझा बाप मिंबरावरून लोकांना रडवायचा, तू व्यासपीठावरून रडवतोस. घराण्याला अश्रूंचाच धंदा दिसतो. आम्ही मात्र कागद वाचतो, बाळा. आमच्या डोळ्यांना पाणी येत नाही.”

मी म्हटलं, “आका, डोळ्यांना पाणी येत नसेल तर वैद्याला दाखवा.”

म्हातारा खूप हसला. एकदा हसवलं की सौदा होतो, हे बाबांनीच शिकवलं होतं आपल्याला. दोन तासांनी वाट निघाली. त्यांच्या वरिष्ठांना खूश करायला समितीनं एक छोटंसं स्पष्टीकरणाचं टिपण द्यायचं. नवा कायदा वगैरे काही नाही, जुन्याच कायद्यातल्या एका शब्दाचा खुलासा. त्या बदल्यात ते विधेयक अडवणार नाहीत, शहरीवरमध्ये सभागृहात मतदानाला येऊ देतील. एका ओळीच्या बदल्यात अख्खं विधेयक! मी तिथेच सही केली.

माझे तरुण सहकारी नाराज आहेत. एक जण तोंडावर म्हणाला, “तुम्ही रोज थोडं देता आणि रोज म्हणता की थोडं मिळालं.” त्याला मी सांगितलं, वाळवंटात जमिनीखालून पाण्याचा बोगदा खणतात तेव्हा खणणारा तीस वर्षं अंधारात असतो. वर उभं राहून ‘पाणी कुठाय’ म्हणणारे पुष्कळ असतात.

गोलनारला शाळेचा गणवेश कुठल्या रंगाचा आहे? कळव. रिबिनी पाठवतो.

दादा


करमान, १५ शहरीवर

दादा, दादा, दादा!

रेडिओवर ऐकलं. एकशे एकवीस मतं! आईनं नमाजाची चटई घडी न करता तशीच टाकली आणि अंगणात आली. शेजारच्या बतूलमावशींनी भिंतीवरून ओरडून विचारलं, “तूबा, कोणाचं लग्न ठरलं?” आई म्हणाली, “लग्न नाही, बाई, लग्नाचा इलाज ठरला!”

सोमवारी मी न्यायालयात गेले. काही काम नव्हतं, उगाच गेले. अकदसखानमनी डबाभर खजूर आणले होते. बाकांवर सगळ्या जणी खजूर खात होत्या, बिया रुमालात बांधत होत्या आणि मोठमोठ्यानं बोलत होत्या. त्या मजल्यावर मी कोणाला मोठ्यानं बोलताना आजवर ऐकलं नव्हतं. कारकून बाहेर आला आणि म्हणाला, “बायांनो, हे न्यायालय आहे, न्हाणीघर नाही.” अकदसखानम म्हणाल्या, “न्हाणीघरात निदान माणूस स्वच्छ होऊन बाहेर पडतो.” कारकूनसुद्धा हसला, दादा.

गणवेश निळा आहे. गोलनार रोज घालून बघते आणि घडी करून ठेवते. एक मेहरला पहिली. मी तिला सांगितलं, मामानं कायदा केलाय, आता तू नऊ वर्षांची होईपर्यंत वेणी मीच घालणार. ती म्हणाली, “आणि दहाव्या वर्षी?” म्हटलं, दहाव्या वर्षी तुझी तू घालायची, एवढी मोठी घोडी झाल्यावर!

वकीलबाई पुन्हा स्थगितीच्या अर्जाचं म्हणत होत्या. मी म्हटलं, आता कशाला?

एवढंच कळव, वरच्या मंडळाची मोहोर कधी लागते?

तुझी तूबा


तेहरान, २४ शहरीवर

तूबाजान,

कामाच्या गर्दीत चारच ओळी.

विधेयक वरच्या मंडळानं परत पाठवलंय. कारण अजून लेखी आलेलं नाही. शेख फाजिली आजारी आहेत असं सांगतात, भेटत नाहीत. मी इतर मार्गांनी प्रयत्न करतोय. तू धीर सोडू नकोस. आझर अजून लांब आहे.

वकीलबाईंचं ऐकायला हरकत नाही. अर्ज टाकून ठेव. लगेच टाक.

रिबिनी सोबत आहेत. निळ्या मिळाल्या नाहीत, पांढऱ्या पाठवतोय.

दादा


करमान, ६ मेहर

यहया,

तुझं पत्र बसवाल्यानं तीन दिवस खिशात ठेवलं होतं. एकोणतीस शहरीवरला मिळालं. त्याच दिवशी मी वकीलबाईंकडे धावले. त्यांनी अर्ज लिहिला, मी खचलेली आहे असं लिहून दिलं, वैद्याचा दाखला जोडला. कारकुनानं कागद घेतला, वही उघडली, बोटांवर मोजलं आणि परत दिला. “उशीर झाला, बाई. मुदतीच्या आधी दोन महिने लागतात. तुमची मुदत पुढच्या गुरुवारी संपते.”

मी हसले. खरंच हसले. त्याला म्हटलं, “आझर, भाऊ. आझरची एकोणीस. जन्मदाखला बघा.”

तो म्हणाला, “दाखल्यावर सौर तारीख आहे. आता चांद्र वर्षं धरायची. परिपत्रक आलंय.”

यहया, मी सोळा वर्षं मुलींना गणित शिकवते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा जवळजवळ अकरा दिवसांनी लहान. सात वर्षांत शहात्तर दिवस. रमजान मागे मागे सरकताना मी जन्मभर बघत आलेय. लहानपणी तो भर उन्हाळ्यात यायचा, तुला तहान सोसायची नाही, तू हौदामागे लपून पाणी प्यायचास आणि मी पहारा द्यायचे. सगळं मला माहीत होतं. फक्त माझ्या मुलीचं वय असं कोणी मोजेल हे माहीत नव्हतं. आम्ही वाढदिवस सौर तारखेनं करतो. शाळेत नाव सौर तारखेनं घालतो. या न्यायालयानं आजवर दाखल्यावरचीच तारीख धरली. पिठाच्या दुकानापासून पगारापर्यंत सगळं सौर चालतं, आणि आईच्या मांडीवरून लेकरू उचलायचं म्हटलं की चंद्र आठवतो!

मंगळवारी एक मेहर होती. गोलनार शाळेत गेली. पांढऱ्या रिबिनी बांधल्या होत्या. बाईंनी सगळ्या मुलींना एकेक ग्लायोलसचं फूल दिलं, ते तिनं घरी आणून चहाच्या पेल्यात ठेवलं. बुधवारी सणाची सुट्टी होती. गुरुवारी ती पुन्हा शाळेत गेली. दुसऱ्या तासाला मनसूर, त्याचा वकील आणि न्यायालयाचा एक माणूस शाळेत आले. मुख्याध्यापिकाबाई माझ्या ओळखीच्या. त्यांनी मला बोलावणं पाठवलं, पण मी गावाच्या दुसऱ्या टोकाला वर्गात फळ्याशी उभी होते. पोचले तेव्हा गाडी सुरू होती. मनसूरनं काच खाली केली आणि म्हणाला, “पाच दिवस दिले होते तुला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला वाईट वाटत होतं, यहया. मनसूरला वाईट वाटत होतं.

गोलनार रडली नाही. तिला वाटलं, मीही मागच्या सीटवर बसणार आहे. तिनं सरकून माझ्यासाठी जागा केली.

आज वकीलबाईंनी परिपत्रकाची प्रत आणली. तीन ओळी आहेत. ‘मुलांच्या ताब्याविषयीच्या प्रचलित कायद्यात वर्ष म्हणजे चांद्र वर्ष समजावे. हा केवळ खुलासा असल्याने तात्काळ लागू.’ खाली समितीच्या अध्यक्षाची सही. तारीख सत्तावीस तीर.

ती सही मी लहानपणापासून ओळखते. माझ्या वह्यांवर बाबांच्या नावानं तूच करायचास.

मला एवढंच सांग. तुला हिशेब येत नव्हता की बहीण आठवत नव्हती?

तूबा


तेहरान, २० मेहर

तूबा,

खरं लिहितो. तुझ्यापुढे वक्तृत्व करणार नाही.

सही करताना आठवलं नाही. मदरशात बारा वर्षं काढलेल्या माणसाला चांद्र वर्ष स्वाभाविक वाटतं. मनात आलं, नऊ वर्षांतून तीन महिने गेले तर काय बिघडलं, नऊ तर मिळतात. मग घरी येताना गाडीत बोटांवर मोजलं. आझर एकोणीसवरून मागे मागे येत मेहर तीनवर आलो. गाडी थांबवून उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. ड्रायव्हरला वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

दुसऱ्याच दिवशी तुला ते पत्र लिहिलं. त्यात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाटलं, शहरीवरमध्ये कायदा होईल, तो जुन्या प्रकरणांनाही लागू आहे, मग हे शहात्तर दिवस कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. तुला उगाच घाबरवायचं नव्हतं. आणि आणखी खरं लिहितो: तू घाबरून आरडाओरड केली असतीस, बातमी फुटली असती आणि सौदा मोडला असता. शेवटच्या पत्रात ‘आझर लांब आहे’ लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. हात पुढे सरकत नव्हता, म्हणून चारच ओळी लिहिल्या.

शिव्या दे. पण हेही वाच.

विधेयक पुढच्या महिन्यात, चार आबानला, रविवारी, पुन्हा मतदानाला येतंय. यावेळी वरच्या मंडळाची आणखी एक अट आहे, आईनं गाव बदललं तर ताबा जाईल. मी ती मान्य करणार आहे. मान्य केली नाही तर ही संसद संपते, आणि पुढच्या निवडणुकीत आमच्यापैकी निम्म्यांचे अर्ज छाननीतच बाद होणार हे सगळे धरून चाललेत. मग वीस वर्षं हा विषय कोणी काढणार नाही. तू म्हणशील, थोडं थोडं देऊन तुझ्याकडे उरलं काय? उरतं, तूबा. एक वाक्य जरी कायद्यात राहिलं तरी उद्याचा माणूस त्याला धरून वर चढतो. मला दुसरी वाट माहीत नाही. रस्त्यावर उतरून बघितलेल्यांच्या आया मी पाहिल्यात.

एक विनंती आहे. तुझं सहा मेहरचं पत्र मला सभागृहात वाचू दे. नाव घेणार नाही. ‘तिनं सरकून माझ्यासाठी जागा केली’ हे वाक्य मी नीट म्हटलं तर समोरच्या बाकांवरचेसुद्धा रडतील. दहा-पंधरा मतं फिरतील. गोलनारचं दुःख निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

उत्तर लवकर पाठव.

दादा


करमान, २७ मेहर

दादा,

पुन्हा दादा लिहितेय. राग संपला म्हणून नव्हे. तुला हाक मारायला दुसरा शब्द नाही म्हणून.

काल बंदर अब्बासला फोन लावला. मनसूरच्या बायकोनं उचलला. चांगली बाई आहे. म्हणाली, “जेवते, झोपते, शाळेत जाते. केस विंचरू देत नव्हती, गुंता फार झाला होता, म्हणून कापले. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.” मी म्हटलं, बरं केलंत. गोलनार फोनवर आली. मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, “आई, तू गाडीत का नाही बसलीस?” तिनं थोडी वाट बघितली आणि फोन त्या बाईच्या हातात दिला.

ती आता माझ्याकडे परत येणार नाही. तुझं विधेयक रविवारी जिंकलं आणि जुन्या प्रकरणांना लागू झालं, तरी आधीच ताबा बदललेली मुलं परत आणण्याबद्दल त्यात शब्द नाही. वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं. तुझी नवी अटही वाचली. म्हणजे मी मुलीजवळ राहायला बंदर अब्बासला गेले असते, तर तुझ्याच कायद्यानं ती गमावली असती. मनसूरच्या फाटलेल्या कागदानं राहिली असती.

तू म्हणतोस, तुला दुसरी वाट माहीत नाही. मलाही माहीत नाही. या देशात कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. सगळं मोडून टाकू म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्यांनी मोडल्यानंतरच्या घरातच आपण राहतोय. तेव्हा तू हळू चालतोस म्हणून मी भांडत नाही. मी भांडते ते दुसऱ्याच गोष्टीवर. तू दर पावलाला काहीतरी देतोस, आणि ते कधीच तुझं नसतं. ‘मुलाला विचारावं’ हे वाक्य तुझं नव्हतं, लेकरांचं होतं. शहात्तर दिवस तुझे नव्हते. घेणाऱ्यांना तू त्याच दिवशी देऊन टाकलंस, आणि आम्हाला जे मिळायचं ते मेहरला, मग आबानला, मग पुढच्या संसदेला. आणि आता माझं पत्र देतोस. माझ्या मुलीनं सरकून केलेली जागा नीट म्हणायची, म्हणजे समोरचे रडतील! रडतील रे. बाबांच्या मिंबराखालीही सगळे रडायचे, डोळे पुसायचे, चपला शोधायचे आणि घरी जायचे. शेख फाजिलींनी तुला खरं तेच सांगितलं होतं. तुला ती थट्टा वाटली.

परवा अकदसखानम बाकावर भेटल्या. त्यांच्या धाकटीची मुदत वर्षाच्या शेवटी, इस्फंदमध्ये होती. मी बोटांवर मोजली, ती दोन महिने अलीकडे, दय महिन्यात आली. कारखान्यातून निघताना त्यांनी तुझी कॅसेट मुकादमाला देऊन टाकली, एवढंच सांगितलं. त्यांच्या शेजारी एक नवी बाई होती, मांडीवर चार वर्षांची मुलगी. तिनंही हात पुढे केला आणि म्हणाली, “माझी पण मोजा ना.” मग तिसरी. संध्याकाळपर्यंत मी एकोणीस मुलींच्या तारखा काढून दिल्या. एकीलाही एक दिवस वाढवून देता आला नाही, प्रत्येकीचा कमीच केला. तुझ्या टिपणाचा हिशेब मी मांडला, कारण कोणीतरी बरोबर मांडायला हवा होता.

तू विधेयकाला मत दे नाहीतर देऊ नकोस. मला त्यात आशा राहिली नाही, आणि नसलेली आशा तुला दाखवणार नाही. पण ते टिपण विधेयक नाही. त्याला मंडळाची मोहोर लागली नाही, सभागृहाचं मत लागलं नाही. समितीच्या अध्यक्षानं एका बैठकीत सही केली आणि ते लागू झालं. वकीलबाई म्हणतात, ज्यानं खुलासा दिला त्यानं तो सभागृहात नोंदवून मागे घेतला की परिपत्रकाचा आधार जातो. न्यायालयं लगेच ऐकतील असं नाही, पण अर्ज टाकायला पायाखाली जमीन येते. तुझं अध्यक्षपद जाईल. पुढच्या निवडणुकीत अर्ज बाद होईल. कदाचित त्याहून वाईटही होईल, मला कळतं. यावेळी जे द्यायचं ते पहिल्यांदा तुझं असेल.

माझं पत्र वाचू नकोस. एक ओळसुद्धा वाचू नकोस. चार आबानला, रविवारी, पहिल्या सत्रात, मतदान सुरू व्हायच्या आधी उठ, स्वतःचं नाव घे, सत्तावीस तीरचं टिपण तू दिलं होतंस हे सांग, आणि ते मागे घे.

तूबा